रॅम्पच्या तोंडाशी दोन हत्ती

...आणि कमानीला हात लावला तर नानांच्या आत्म्याला क्लेश होतील, हे जे तुम्ही डेअरीच्या कट्ट्यावर चार माणसांत बोललात ना आप्पा, ते मला इथं गुजरातेत, मोरबीत बसून कळलं. नानांचा आत्मा काय त्या सिमेंटच्या हत्तीच्या पोटात जाऊन बसलाय? नाना जिवंत होते तवा त्यांच्या आत्म्याची एवढी चौकशी कुणी केल्याचं मला आठवत नाही. आणि पोरगं परमुलखात फरशा उचलतंय आन् आम्हाला अक्कल शिकवतंय, असंही म्हणालात म्हणे. शिकवतो. फरशा उचलून खांदे गेलेत, अक्कल अजून जागेवर आहे.

पण पत्राची सुरुवात भांडणानं करू नये असं आई म्हणते, म्हणून इथून पुढं रीतसर. तीर्थस्वरूप आप्पांना पुतण्या इंद्रजीतचा साष्टांग नमस्कार (आमच्या खोलीत साष्टांग घालायला जागा नाही, एकाचे पाय दुसऱ्याच्या उशाला येतात, तरी मनानं घातला असं समजावं). आपला गुडघा कसा आहे? कस्तुराकाकींची साखर उतरली का, का अजून चहात दोन चमचे आणि वर गोळी असा हिशेब चालू आहे? काळी म्हैस व्याली असेल. मी इकडं मजेत आहे, म्हणजे अजून नोकरी सोडलेली नाही. तुम्ही माझा फोन उचलत नाही, 'दूध परिवार' ग्रुपमधून मला काढून टाकलंत, आणि तुमच्या चिरंजीव विश्वजीतनं मला ब्लॉक केलं, म्हणून शेवटी कागद आणला. कागद ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच.

आता तुमचा चष्मा काही सापडणार नाही, म्हणजे पत्र विश्वजीत वाचणार आणि कट्ट्यावरचे सगळे ऐकणार. त्यात शिरूरकडचा एखादा पाहुणा असला तर त्याला आगापिछा कळावा म्हणून पहिल्यापासून सांगतो. विश्वजीत, सावकाश वाच आणि गाळू नको. तुझंही नाव पुढं येणार आहे.

तर प्रांजल ही माझी धाकटी बहीण, म्हणजे आप्पांची सख्खी पुतणी. लहानपणी उसाच्या ट्रॉलीवरून पडली, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीवर आहे. त्या खुर्चीवर बसून ती बारावी झाली, बी.कॉम. झाली, कॉम्प्युटर शिकली. मी दोन धडधाकट पायांवर नववीत दोनदा नापास झालो आणि रांजणगावला तीन कंपन्या सोडल्या. मला एका जागी बसवत नाही म्हणून तुम्ही हसता, तिला उठवत नाही म्हणून हळहळता. तिला काय येतं हे मात्र विचारायचं राहून जातं. आपल्या वस्तीच्या डेअरीत फॅट मशीनवर बसायला आणि बिलं काढायला माणूस पाहिजे होता. त्या जागेवर आधी विश्वजीत होता. त्याच्या कारकिर्दीत आक्काबाईच्या मरतुकड्या गाईला म्हशीचा फॅट लागला आणि आक्काबाईनं पेढे वाटले, तर म्हशीवाल्यांना गाईचा भाव मिळाला आणि त्यांनी शिव्या वाटल्या. शेवटी सभासदांनीच सभेत सांगितलं की प्रांजलला घ्या. तुम्ही चेअरमन. तुम्ही अट घातलीत की पोरीनं आपापलं आत यायला पाहिजे, रोज उचलाउचल कोण करणार. अट बरोबर होती. तुमच्या तोंडून बरोबर गोष्ट निघाली की मी तारीख लिहून ठेवतो, त्या दिवशी नेमका पेन नव्हता.

डेअरीच्या जोत्याला उंच पायऱ्या, म्हणून रॅम्प करायचा ठरला. आणि खोटं कशाला बोलू, म्हाळू गवंड्यानं रॅम्प झकास केला. उतार बेताचा, वरून खरखरीत, दूध सांडलं तरी चाक घसरायचं नाही. प्रांजल स्वतः जाऊन वर-खाली करून आली, कुणाचा हात लागला नाही. त्या दिवशी तिनं मला व्हिडिओ पाठवला होता. त्यात ती नुसती वर जाते, खाली येते, परत वर जाते. तिथंच थांबला असतात आप्पा, तर आज हे पत्र लिहायच्या ऐवजी मी झोपलो असतो.

पण आपल्याकडं नुसतं काही बांधून होतंय होय? पाण्याची टाकी झाली, कमान. स्मशानाची शेड झाली, कमान (तिथं तर 'सुस्वागतम्' लिहिलंय, आजवर कुणी तक्रार केली नाही ही गोष्ट वेगळी). शाळेच्या मुतारीला देणगीदाराचं नाव आहे, आणि ते अशा उंचीवर आहे की पोरांना दुसरं काही बघायलाच नको. तर तुमच्या मनात आलं की रॅम्प असा उघडाबोडका बरा दिसत नाही. डेअरी नानांनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी आणि माझ्या आजोबांनी, सुरू केलेली. म्हणून रॅम्पच्या तोंडाशी कै. नानांच्या स्मरणार्थ कमान. कमानीला दोन खांब. खांबाला शोभा पाहिजे म्हणून प्रत्येक खांबाला एक हत्ती. हत्ती समोरासमोर, आणि सोंडा वर करून आतल्या बाजूला, जणू एकमेकांच्या गळ्यात हार घालतायत. हत्तीची उंची किती असावी यावर म्हणे तुमची संध्याकाळभर मीटिंग चालली. टेप लावून हत्ती मोजले. मधली वाट कुणी मोजली नाही. म्हाळूनं विचारलंही होतं, तर तुम्ही म्हणालात की माणूस जाईल एवढी वाट ठेव म्हंजी झालं. त्यानं ठेवली. माणूस म्हणजे कोण, हे आपल्याकडं आधीच ठरलेलं असतं ना.

उद्घाटनाला मी रजा काढून आलो होतो, त्यामुळं पुढचं ऐकीव नाही. दौंडहून पाहुणे आणले होते (फ्लेक्सवर त्यांच्या नावाआधी 'भावी' लिहिलं होतं, भावी कोण ते केळीच्या खुंटाआड गेलं होतं). त्यांनी फीत कापली, हत्तींच्या मधून अंग चोरून गेले, रॅम्प चढले, वरून हात हलवला, उतरले. मग तुम्ही चढलात, उतरलात. मग संचालक मंडळ. मग ज्याला ज्याला आयुष्यात कधी पायऱ्या चढायला त्रास झाला नव्हता असा गावातला प्रत्येक माणूस रॅम्प चढून आला आणि चांगला झालाय म्हणाला. जिच्यासाठी केला ती खाली उन्हात मांडीवर नारळ घेऊन बसली होती. नारळ तिचा नव्हता, पाहुण्यांचा होता. आपल्या माणसांना ही एक सवयच आहे, खुर्चीवरचं माणूस दिसलं की त्याची मांडी म्हणजे टेबल. यवतला आतेबहिणीच्या लग्नात तिच्या मांडीवर पाच बायकांच्या पर्सा, एक झोपलेलं पोर आणि नवरदेवाचे बूट होते. बूट कुणी पळवू नयेत म्हणून तिच्याकडं दिले होते, कारण ही कुठं पळणार. तिनं ते स्वतःच मेव्हण्या पोरींच्या हवाली केले, नवरदेवाकडून अडीच हजार निघाले, त्यातले हजार कमिशन घेतलं, पण तो विषय वेगळा.

मग माइकवर पुकारा झाला की आता प्रांजलताई येतील. ताई आल्या. खुर्ची हत्तींच्या मधे गेली आणि अडकली. खुर्चीच्या एका बाजूला एक सोंड, दुसऱ्या बाजूला दुसरी. चार बोटांची वाट कमी. माझी समजूत होती की आता तरी कुणीतरी तोंडात मारल्यासारखं होऊन म्हाळूला हाक मारील. पण तुम्ही काय केलंत, तर ओरडलात, चौघं पुढं या रं, उचला. आणि चौघं आले सुद्धा. उचलायला माणसं कमी पडत नाहीत आपल्याकडं, कधीच नाहीत. खुर्चीसकट तिला वर घेतली, हत्तींच्या डोक्यावरून नेली आणि रॅम्पच्या वरच्या टोकाला ठेवली. रॅम्पला चाक लागलंच नाही. टाळ्या वाजल्या. फोटो झाले. पाहुण्यांनी शाल घातली (घरात अशा अकरा शाली आहेत, दर तीन डिसेंबरला, अपंग दिनाला, एक येते, आई त्या वासराच्या अंगावर टाकते, त्यामुळं आपलं वासरू तालुक्यात सगळ्यात जास्त सत्कार झालेलं आहे) आणि तिच्या हातात माइक दिला, दोन शब्द बोल म्हणून. ती दोनच शब्द बोलत नाही हे घरच्यांना माहीत होतं. ती म्हणाली,

"उचलायच्या आधी मला कुणी इचारलं न्हाई. आता मी इचारते. आप्पा, ही कमान कवा काढताय?"

पाहुण्यांना वाटलं आभार मानले. त्यांनी परत टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून तुम्ही म्हणताय की पोरगी उलट्या काळजाची, एवढं केलं तरी जाण नाही. आप्पा, जाण कशाची ठेवायची? अडवलं त्याची, का उचललं त्याची? बरं, त्यानंतर तुम्ही जे तोडगे काढलेत ते मी इथल्या पोरांना वाचून दाखवले. खोलीतला बिहारचा एक पोरगा आहे, तो हसायला लागला की खाटेवरून पडतो, तो पडला. पहिला तोडगा, खुर्ची बारकी घ्यावी. म्हणजे हत्ती मोठे आहेत तर पोरीनं बारीक व्हावं. दुसरा, प्रांजलनं बाहेर लिंबाखाली बसावं आणि विश्वजीतनं आतून फॅटचे आकडे ओरडून सांगावेत. विश्वजीतला आकडा डोळ्यांपुढं असताना वाचता येत नाही, तो ओरडून काय सांगणार? आणि तिसरा, रोज सकाळ-संध्याकाळ चार पोरं लावून देतो. वा. अट तुम्हीच घातली होती ना, रोज उचलाउचल कोण करणार म्हणून? आता उचलायला लोक सापडले, कारण फोटोत आले.

तुम्हाला वाटत असेल मी एका कमानीवरून एवढा पेटलोय. कमान तर पाडता येते. त्या कमानीच्या आधीपासून गावाच्या तोंडात जी कमान बसलीय तिचं काय करायचं? प्रांजलला दवाखान्यात घेऊन गेलो तर मला विचारतात, हिला काय होतंय. कापडाच्या दुकानात आईला विचारतात, हिला कुठला रंग आवडतो. मागं यवतच्या हायवेला एका हॉटेलात गेलो, तर वेटर माझ्याकडं बघून म्हणाला, ह्या काय खातील. ती म्हणाली, ह्या मिसळ खातील, आन् ह्याचं बिल ह्या भरतील, ह्याला इचारा ह्याच्याकडं पैसे हायत का. (नव्हते. तेव्हा मी नुकतीच तिसरी कंपनी सोडली होती.) वस्तीवर एकाला लंगड्या म्हणायचं, दुसऱ्याला बहिऱ्या, तिसऱ्याला चकण्या, आणि त्यांची खरी नावं मतदार यादीत बघून आपणच चकित व्हायचं, की अरे याला नाव पण आहे. बहिऱ्याशी बोलायचं तर पाठीमागून बोंबलायचं. समोर जाऊन सावकाश बोललं तर त्याला ओठांवरून सगळं कळतं, पण समोर जायला दोन पावलं टाकावी लागतात, आणि त्यात आपला मान जातो. रॅम्प झाला तर त्यावर बुलेट उभी करायची नाही तर कांदा पसरायचा. (कमानीमुळं बुलेट आत जात नाही हा त्या हत्तींचा एकच गुण. कांदा मात्र जातो.) आणि प्रांजल समोर आली की सगळ्यांच्या तोंडात एकच, बिचारी. अहो ती बिचारी आपल्या वस्तीतल्या अर्ध्या लोकांचे पीक विम्याचे फॉर्म भरते. बिचारे कोण?

आता एक गोष्ट लिहितो, ही विश्वजीतनं जरा हळू वाचावी. नानांची शेवटची दोन वर्षं आठवा आप्पा. कंबरेतून वाकले होते, काठीशिवाय चालवत नव्हतं. सायकलवर किटल्या बांधून, दारोदार दूध गोळा करून ज्यांनी ती डेअरी उभी केली, त्यांना तिच्या पायऱ्या चढता येईनात. पहिले काही दिवस कुणीतरी हाताला धरून चढवलं. मग कुणाला वेळ होईना. मग नाना म्हणायला लागले, मलाच करमत न्हाई तिथं. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, आज दूध किती झालं. प्रांजल त्यांच्या शेजारी खुर्ची लावून बसायची. दोघांना बाहेरच ठेवून गाव दूध घालून यायचं. तेव्हा ना कुणाला रॅम्प सुचला ना कमान. आणि आता ज्या माणसाला जिवंतपणी आत जाता येईना, त्याच्या नावानं तुम्ही नातीची वाट अडवली. आत्म्याला क्लेश होतील म्हणता. होत असतील, पण ते कमान काढून नाही.

राहिला विश्वजीत. प्रांजल येऊ शकत नाही म्हणून त्याला तात्पुरता परत मशीनवर बसवलाय, आणि सोमवारच्या मीटिंगला त्याला कायम करायचा विषय ठेवलाय, हेही कळलं. एकदा तो ठराव झाला की प्रांजलची जागा गेली, मग कमान पाडा नाही तर सोन्यानं मढवा. तिला दुसरी नोकरी कुठं आहे? रांजणगावच्या कंपनीच्या बसला पायऱ्या आहेत, एसटीला पायऱ्या आहेत. सगळ्या पृथ्वीवर तिला आपापलं जाता येईल अशी नोकरी एकच होती, घरापासून डेअरीपर्यंतच्या डांबरी रस्त्याच्या टोकाला. तिथं तुम्ही हत्ती बांधले.

बाकी सर्व ठीक. काकींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद म्हणावं तर घरात लहान कुणी उरलेलं नाही, विश्वजीत सोडून, त्याला आशीर्वाद. पत्रात काही कमीजास्त लिहिलं असेल तर कमी लिहिलं त्याबद्दल माफी असावी.

आपला पुतण्या,
इंद्रजीत

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी प्रांजलला फोनवर वाचून दाखवलं. मला वाटलं खूश होईल. दोन ठिकाणी हसली, नानांचं परत एकदा वाचायला लावलं, आणि शेवटी म्हणाली, "दादा, आप्पा माझ्या डोक्यावरून गावाशी बोलत्यात, तू माझ्या डोक्यावरून आप्पांशी बोलतूयास. मला काय पायजे ते कुणी इचारलं का?" मी म्हणालो, बरं, काय पाहिजे. म्हणाली, कागद घे आन् लिही. तेव्हा खालचं सगळं तिचं आहे. वरचं माझं आहे, ते मी मागं घेत नाही, पण तिनं सांगितलंय की मोठ्यानं वाचू नये. (विश्वजीतनं वाचून झालं असेल तर इलाज नाही.)

ता. क. २. तिचं म्हणणं असं, की कमान पाडायची नाही; उद्घाटनाला काढा म्हणाली ते रागाच्या भरात. तिनं म्हाळूला बोलावून रीतसर टेप लावून घेतला. डाव्या हाताचा एक खांब वीतभर बाजूला सरकवून नवा उभा केला की खुर्ची बिनबोभाट जाते, आक्काबाईची किटल्यांची ढकलगाडी पण जाते, आणि वर नानांचं नाव आहे तसं राहतं. हत्ती उचलून वर डेअरीच्या दाराशी बसवायचे, तिथं ते कुणाला नडत नाहीत. नानांचं नाव तिला पाहिजे आहे. त्या नावाखालून रोज सकाळी जायचं आहे, असं म्हणाली. मला हे माहीत नव्हतं.

ता. क. ३. म्हणजे पाडापाडी, आत्मा, क्लेश वगैरे जे मी वर दोन-चार पानं लिहिलं त्याची गरज नव्हती. अडचण एवढीच आहे की म्हाळू छिन्नी हातात घेऊन तयार आहे, पण चेअरमनच्या शब्दाशिवाय नानांच्या कमानीला हात लावत नाही. त्याला तुम्ही फोन करून नुसतं व्हय म्हणायचं आहे. आणि रविवारी सकाळचं दूध झालं की तिथं येऊन उभं राहायचं, नाही तर लोक म्हणतील पोरीनं चुलत्याच्या माघारी आजोबाच्या कमानीला हात घातला. ते तिला चालणार नाही. गुडघा दुखत असेल तर बसायला खुर्ची ठेवते म्हणाली. सोमवारच्या मीटिंगला ती स्वतः आत येऊन बसणार आहे, काही विचारायचं असलं तर तिलाच विचारा.

ता. क. ४. म्हाळूची आणि एका बिगाऱ्याची मजुरी, वर सिमेंट-सळई, सगळं मी देतो म्हणालो, तर नको म्हणाली. निम्मे तिचे, निम्मे माझे. तुमच्याकडून पैसे नकोत, फक्त शब्द. माझा हिस्सा तिच्याकडं पाठवलाय. डेअरीत कुणी त्याची पावती फाडायला लागलं तर त्यावर कुणाच्याही स्मरणार्थ असं लिहायचं नाही, नुसता आकडा टाकायचा. रुपये सतराशे पन्नास.